फुकटच्या गाण्याची किंमत

गेल्या वर्षीं आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या तालमी चालू असतां घडलेली एक लहानशी गोष्ट वाचकांस प्रथम सांगतों. दहावीच्या मुलींनीं समूहनृत्यासाठीं एक मराठी गीत निवडलें होतें. तें एका नव्या गायकानें पदरचे पैसे घालून ध्वनिमुद्रित केलेलें होतें. त्याचें मुद्रण कोठून मागवावें, असा विचार चालला आहे तोंच एका विद्यार्थ्यानें खिशांतून पेन ड्राइव्ह काढून टेबलावर ठेविला. "सर, कालच उतरवून घेतलें. पैसे पडत नाहींत," तो म्हणाला. जें विकत मिळतें तें असें घेणें बरें काय, असें आम्हीं विचारलें. मुलगा उद्धट नव्हता; तो खरोखरच बुचकळ्यांत पडला. "पण सर, मीं कोणाचें काय घेतलें? एखाद्याची सायकल नेली तर ती त्याच्यापाशीं राहत नाहीं. गाणें तर त्यांच्यापाशींही आहे आणि माझ्यापाशींही आहे."

प्रश्न चांगला होता, आणि खरें सांगावयाचें तर त्याचें समाधानकारक उत्तर आम्हांस त्या वेळीं देतां आलें नाहीं. शिक्षकानें निरुत्तर होऊन गप्प बसण्यापेक्षां अभ्यास करून उशिरा उत्तर द्यावें हें बरें, म्हणून हा लेख लिहीत आहों. एका संगणकांतील गाण्याची फाईल दुसऱ्यानें, दुसऱ्याची तिसऱ्यानें फुकट घेत जावयाचें, या प्रघातानें गाणाऱ्यांचें व गाणीं विकणाऱ्या दुकानदारांचें काय झालें, हा आमचा विषय आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत आपल्याकडे बहुतेकांस गाणें ऐकावयाचें म्हणजे गाणाराच्या समोर जाऊन बसावें लागे. १९०२ सालच्या नोव्हेंबरांत ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गेसबर्ग कलकत्त्यास आला आणि त्यानें गौहर जान वगैरे कलावंतांचें गायन तबकड्यांवर उतरवून घेतलें. ७८ फेऱ्यांच्या त्या तबकडीच्या एका बाजूस सुमारें तीन मिनिटांचेंच गाणें मावे. पुढें बालगंधर्वांचीं नाट्यपदें, अब्दुल करीम खां यांचें रागगायन, हिराबाई बडोदेकरांचीं गीतें, हीं सारीं अशाच तबकड्यांवरून महाराष्ट्रांत घरोघर पोहोंचलीं.

येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. गाणें ही हातांत धरतां येणारी वस्तु नव्हे. परंतु तबकडीनें त्याला वस्तूंत बांधलें. तबकडी विकत घेतली म्हणजे तिच्या किंमतींतून दुकानदाराचें कमिशन, घाऊक व्यापाऱ्याचा नफा, कंपनीचा खर्च आणि कलावंताचा मोबदला निघे. प्रत्येक कडी आपल्या मागच्या कडीस धरून असे. या सांखळींत सर्व न्यायच होता असें नाहीं. पुष्कळ वादकांस व कवींस एकदांच ठराविक रक्कम देऊन वाटेस लावीत, आणि गाणें पुढें कितीही खपलें तरी त्यांच्या हातीं त्यांतलें कांहींच येत नसे. तरीही एक गाणें खपलें कीं दुसरें ध्वनिमुद्रित करण्यास कंपनी तयार होई, आणि गायकापासून पेटीवाल्यापर्यंत सर्वांस काम मिळे.

नंतर ध्वनिफिती म्हणजे कॅसेटी आल्या. १९८० च्या पुढील दहा वर्षांत त्या एवढ्या स्वस्त झाल्या कीं चहाच्या दुकानांत, ट्रकमध्यें व शेतावरच्या खोपींतही त्या वाजूं लागल्या. प्रल्हाद शिंदे यांच्यासारख्या लोकगायकाचा आवाज खेड्यापाड्यांत पोहोंचला तो या कॅसेटींमुळें. परंतु नक्कल करण्याची सोयही त्यांनींच प्रथम घरांत आणली. दोन कॅसेटी बसणारें यंत्र मिळालें कीं कोणासही प्रत काढतां येई, आणि चोरट्या कॅसेटींचा धंदा भरभराटीस आला. मात्र त्या चोरीस एक नैसर्गिक बांध होता. साठ मिनिटांच्या कॅसेटीची प्रत काढण्यास बराच वेळ लागे, कोरी कॅसेट विकत आणावी लागे, आणि नकलेची नक्कल काढीत गेल्यास आवाज खरखरत जाऊन अखेर ऐकवेनासा होई.

हा बांध फुटला तो कसा, हें विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनीं समजून घेण्यासारखें आहे. कॉम्पॅक्ट डिस्क, म्हणजे जिला आपण सीडी म्हणतों, तिच्यांत आवाजाची लहर कोरलेली नसून आंकड्यांनीं लिहिलेली असते. एका सेकंदांत ४४,१०० वेळां आवाजाची उंची मोजावयाची आणि प्रत्येक माप १६ अंकस्थानांच्या संख्येनें मांडावयाचें, असें डाव्या व उजव्या दोन्ही बाजूंसाठीं करितात. हिशेब केल्यास एका मिनिटाच्या संगीतास सुमारें १० मेगाबाइट जागा लागते. आतां, आंकडे उतरवून घेतांना झिजत नाहींत. ७ हा अंक हजार वेळां लिहिला तरी तो ७ च राहतो. म्हणून हजारावी नक्कलही मूळ प्रतीइतकीच चोख निघते.

एवढा मोठा संग्रह टेलिफोनच्या तारेवरून पाठविणें मात्र कठीण होतें. ती अडचण जर्मनींतील संशोधकांच्या पुढाकारानें तयार झालेल्या व १९९५ सालीं एमपीथ्री हें नांव मिळालेल्या पद्धतीनें दूर केली. शेजारीं ढोल-ताशे वाजत असतां कोणी कुजबुजलें तर तें आपणांस ऐकूं येत नाहीं. त्याचप्रमाणें मोठ्या आवाजाखालीं झांकून गेलेले बारीक आवाज कानास कळतच नाहींत; ते गाळून टाकले तर गाण्याचा आकार सुमारें एक दशांश उरतो. पांच मिनिटांचें गाणें ५० मेगाबाइटांवरून ५ वर आलें. त्या काळच्या तारेवरून ज्यास दोन तास लागले असते, तें बारा-पंधरा मिनिटांत येऊं लागलें.

१९९९ च्या जून महिन्यांत अमेरिकेंतील शॉन फॅनिंग नांवाच्या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्यानें नॅप्स्टर नांवाची व्यवस्था सुरू केली. तिच्या मध्यवर्ती यंत्रांत गाणीं नव्हतींच; कोणतें गाणें कोणाच्या संगणकांत आहे याची केवळ यादी होती. यादी पाहून एकानें दुसऱ्याच्या संगणकांतून गाणें परस्पर घ्यावें. ध्वनिमुद्रण कंपन्यांनीं न्यायालयांत दाद मागितली आणि जुलै २००१ मध्यें ती व्यवस्था बंद पडली. परंतु त्याच वर्षीं बिटटॉरेंट ही नवी पद्धति निघाली. वर्गांतील चाळीस मुलांपैकीं प्रत्येकाजवळ पुस्तकाचें निरनिराळें पान असावें, आणि सर्वांनीं एकाच वेळीं एकमेकांचीं पानें उतरवून घेऊन चाळीसही पुस्तकें पुरीं करावींत, तसा हा प्रकार होय. अशा ठिकाणीं कुलूप कोणाच्या दारास लावावयाचें?

येथें आम्हांस स्वतःविषयींही सांगितलें पाहिजे; नाहीं तर हा लेख लोकां सांगे ब्रह्मज्ञान या जातीचा होईल. त्या सुमारास आम्ही पुण्यांत महाविद्यालयांत शिकत होतों व वसतिगृहांत राहत होतों. वीस जणांत मिळून एक सीडी विकत आणावयाची व एकाच्या संगणकावर तिच्या एकोणीस प्रती काढावयाच्या, असा आमचा क्रम असे. कोऱ्या सीड्या आम्ही चिंचवड स्टेशनाजवळच्या एका गृहस्थांच्या दुकानांतून आणीत असूं. याच दुकानांत लहानपणीं वडिलांचें बोट धरून आम्ही कॅसेट घेण्यास जात होतों. ते गृहस्थ गिऱ्हाइकास नुसती वस्तु देत नसत. "हें नेतां आहां, तर हेंही एकदां ऐकून पाहा," असें म्हणून दुसरी कॅसेट लावून देत. भीमसेन जोशींची पहिली ओळख आम्हांस त्यांच्याच गल्ल्यापुढें उभ्याउभ्यानें झाली. एके दिवशीं आम्ही कोऱ्या सीड्यांची गड्डी मागितली, तेव्हां ती पुढें करीत ते हंसून म्हणाले, "आतां कोऱ्याच नेतां होय?" आम्हीही हंसलों. कांहीं वर्षांनीं तेथें गेलों तों दुकानांत मोबाईलचीं वेष्टनें व चार्जर टांगलेले होते, आणि गल्ल्यावर दुसरेच कोणी होते. त्या हंसण्याची आठवण आजही आम्हांस सुखाची वाटत नाहीं.

हें एका दुकानाचें झालें नाहीं. मुंबईंत काळा घोडा भागांत १९४८ पासून नांवारूपास आलेलें ऱ्हिदम हाउस हें दुकान २०१६ सालीं बंद झालें. पुण्यास कर्वे रस्त्यावर अलूरकर म्युझिक हाउस होतें; तेथें गाणीं विकत तर मिळतच, पण शास्त्रीय संगीताचीं उत्तम ध्वनिमुद्रणेंही तें दुकान स्वतः प्रसिद्ध करी. तेंही आतां राहिलें नाहीं. अशीं दुकानें मोडण्यास केवळ फुकट फायलीच कारण झाल्या असें म्हणणें अन्यायाचें होईल. घरबसल्या खरेदीची सोय, मोबाईलवर गाणें ऐकविणाऱ्या सेवा आणि शहरांतील वाढतीं भाडीं, हींही कारणें आहेत. परंतु जी वस्तु समोरच्या चौकांत फुकट मिळते ती विकणारा दुकानदार कोठवर टिकणार?

सर्व जगाचा हिशेब पाहूं. १९९९ नंतरच्या पंधरा वर्षांत ध्वनिमुद्रित संगीताचें जागतिक उत्पन्न सुमारें चाळीस टक्क्यांनीं घटलें. याचा किती दोष फुकट फायलींस द्यावा याविषयीं विद्वानांत मतभेद आहेत. २००७ सालीं ओबरहोल्झर-गी व स्ट्रम्फ या दोन अर्थशास्त्रज्ञांनीं विक्रीवर त्यांचा परिणाम जवळजवळ शून्य असल्याचें प्रतिपादन केलें. जो फुकट उतरवून घेतो तो एरवीं विकत घेताच असें नाहीं, हा त्या पक्षाचा मुद्दा. लीबोविट्झ प्रभृति दुसऱ्या अभ्यासकांनीं तें खोडून काढून मोठी हानि झाल्याचें दाखविलें. आम्हांस या वादांत निवाडा करण्याचा अधिकार नाहीं. परंतु हानि थोडी झाली कीं फार, याइतकाच ती कोणाची झाली हा प्रश्न महत्त्वाचा आहे, आणि त्याचें उत्तर आपल्या डोळ्यांपुढें आहे.

कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या मुळशी भागांतील एका भजनी मंडळानें वर्गणी काढून अभंगांची सीडी तयार केली. स्टुडिओचें भाडें, तबला व पखवाज वाजविणारे, सीड्यांची छपाई, सर्व खर्च मंडळींनीं सोसला. पुढें आठ दिवस झाले नाहींत तोंच बाजारांतल्या मोबाईलच्या दुकानांत तीं गाणीं दहा रुपयांत मेमरी कार्डांत भरून मिळूं लागलीं. गाणीं गाजलीं. रिक्षांतून, लग्नमांडवांतून, काकड आरतीच्या वेळीं लाउडस्पीकरवरून तीं ऐकूं येत. मंडळाचे वृद्ध पखवाजवादक आम्हांस एकदां म्हणाले, "सर, आमचें गाणें दहा गांवांत वाजतंय, अन् आमचे खोके माळ्यावर पडलेत." त्यांच्या बोलण्यांत अभिमान होता आणि दुःखही होतें. त्या मंडळानें दुसरी सीडी काढली नाहीं.

आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें उत्तर या एका वाक्यांत आहे. पहिलें गाणें कोणी नेलें नाहीं, हें खरें. तें त्यांच्यापाशीं राहिलें. नाहींसें झालें तें दुसरें गाणें, जें अद्याप जन्मास यावयाचें होतें. नक्कल काढण्यास आज कांहीं खर्च येत नाहीं. परंतु गाणें निर्माण करण्यास पूर्वींइतकाच रियाज, तितकीच बुद्धि, तितकींच माणसें आणि तितकाच पैसा लागतो. नामांकित गायकास या नुकसानींतून वाट काढतां येते. फुकट गाण्यांनीं त्याची कीर्ति वाढते, आणि लोक तिकीट काढून त्याच्या कार्यक्रमास जातात. पण जो कवि स्वतः मंचावर गात नाहीं, जो सतारिया केवळ स्टुडिओंत वाजवितो, जी नवोदित गायिका अजून कोणास माहीत नाहीं, त्यांस ही वाट खुली नाहीं. सर्वांत आधीं तीं बुडतात, आणि त्यांचें बुडणें कोणास दिसतही नाहीं.

यावर कोणी म्हणेल, विद्या व गायन हीं वांटल्यानें वाढतात. तीं कुलपांत ठेवण्यासारखीं नव्हेत. हा आक्षेप आम्हांस आदरणीय वाटतो. आपल्याच प्रदेशांतील उदाहरण घ्या. चाकणचे संताजी जगनाडे हे तुकाराममहाराजांच्या टाळकऱ्यांपैकीं एक. त्यांनीं वह्यांतून अभंग लिहून ठेविले म्हणून ते पुढील पिढ्यांस मिळाले, असें परंपरा सांगते. सुदुंबरें येथें त्यांची समाधि आहे. आजही जुन्या तबकड्यांचे संग्राहक एकमेकांस मुद्रणें देऊन विस्मृतींत जाणारे आवाज वांचवीत आहेत. मुंबईंत यासाठीं १९९० मध्यें स्थापन झालेली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था आहे. आपला कायदाही गाणें कायमचें बांधून ठेवीत नाहीं: ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षांनीं संपतो, आणि कवि व संगीतकार यांचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनीं. तेव्हां नक्कल करणें हें मूळचें पाप नव्हे. ज्यानें निर्माण केलें त्याची इच्छा काय आहे आणि त्याचा उदरनिर्वाह कशावर आहे, हें पाहिल्यावांचून केलेली नक्कल मात्र दोषास्पद होय. संताजींनीं तुकोबांचें कांहीं हिरावून घेतलें नाहीं. तुकोबांचा शब्द राहावा म्हणून आपले डोळे व हात झिजविले.

आजची स्थिति थोडी सुधारली आहे. २०१५ पासून जागतिक उत्पन्न पुन्हां वाढूं लागलें, आणि त्याचा दोन तृतीयांशांहून अधिक भाग आतां मोबाईलवर गाणें ऐकविणाऱ्या सेवांपासून येतो. फुकट फाईल शोधण्यापेक्षां कायदेशीर गाणें लावणेंच सोपें झालें, हें त्याचें मोठें कारण. आपल्या देशांत १९५७ च्या प्रताधिकार कायद्यांत २०१२ सालीं दुरुस्ती होऊन चित्रपटगीतांच्या कवीस व संगीतकारास मानधनाचा असा वांटा मिळाला कीं जो त्यांस निर्मात्यास लिहून देतां येत नाहीं. तथापि लहान कलावंताचें दुःख सरलें नाहीं. एका ऐकण्यामागें मिळणारी रक्कम अत्यल्प असते. आणि स्पॉटिफाय या मोठ्या सेवेच्या २०२४ पासूनच्या नियमाप्रमाणें जें गाणें वर्षांत हजार वेळांही ऐकलें जात नाहीं त्यास कांहींच मिळत नाहीं. शिवाय "हें नेतां आहां, तर हेंही ऐकून पाहा" असें सांगणारा दुकानदार गेला, त्याच्या जागीं यंत्र आलें. तें यंत्र बहुधा आपल्या आवडीचेंच पुन्हां पुढें करितें. अनोळखी लहान गायकाकडे बोट दाखविणें हें काम आतां आपणांपैकीं प्रत्येकावर आलें आहे.

माणच्या पालकांस हा विषय दूरचा वाटूं नये. ज्या शिवारांत आमच्या लहानपणीं भात व ऊंस डोलत होता, तेथें आज राजीव गांधी इन्फोटेक पार्कचा तिसरा टप्पा उभा आहे. त्या कांचेच्या इमारतींत आमच्या कितीएक विद्यार्थ्यांचे आईवडील संगणकाच्या प्रणाली लिहितात. प्रणाली ही वस्तु गाण्यासारखीच आहे: लिहावयास वर्षें, उतरवून घ्यावयास एक क्षण. आपल्या कायद्यानेंही तिला साहित्यकृतींत गणून तोच हक्क दिला आहे. ज्या नियमामुळें आपल्या घरांत महिन्याचा पगार येतो, तोच नियम पखवाजवाल्या आजोबांच्या घरासाठीं लागू नाहीं, असें आपण मुलांस कोणत्या तोंडानें सांगणार?

करावयाचें तें फार अवघड नाहीं. जें गाणें विकत अगर कायदेशीर सेवेवर मिळतें, तें तेथूनच ऐकावें. आवडलेल्या गाण्याच्या कवीचें, संगीतकाराचें व वादकांचें नांव शोधून लक्षांत ठेवावें. वर्षांतून एकदां तरी मुलांस घेऊन तिकीट काढून गाणें ऐकण्यास जावें. आणि गांवच्या मंडळानें कांहीं प्रसिद्ध केलें तर एक प्रत विकत घ्यावी.

स्नेहसंमेलनाचें काय झालें, हें सांगून लेख संपवितों. विद्यार्थी, शिक्षक व पालक यांच्यापुढें शाळेच्या कार्यक्रमांत गाणें लावण्यास कायद्याची मुभा आहे; प्रश्न होता तो प्रत कोठून आणली याचा. आम्हीं त्या मुलाकडूनच गायकास पत्र लिहविलें. चौथ्या दिवशीं उत्तर आलें. गायकानें गाणें आपण होऊन पाठविलें होतें आणि पैसे घेण्याचें नाकारलें होतें. मात्र एक विनंति केली होती कीं, नृत्यापूर्वीं आपल्या नांवाबरोबर बांसरी व तबला वाजविणाऱ्यांचीं नांवेंही वाचावींत, कारण तीं आजवर कोणीं वाचलीं नाहींत. त्या संध्याकाळीं तीं तिन्ही नांवें त्याच विद्यार्थ्यानें मंचावरून वाचलीं. पेन ड्राइव्हमधलें पहिलें गाणें त्यानें, कोणी न सांगतां, पुसून टाकलें होतें.